मालवणी बांगड्याची श्रेष्ठ जनुकं

१० नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोणी वाचण्यासाठी नाही. वाचून समजेल असं या तालुक्यात कोणी नाहीच.

निर्णय: रोज एक पान लिहिणे. मोबाइल कमी. एप्रिलच्या मुलाखतीत कायम प्राध्यापक होणे. तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस म्हणजे लग्नातला भाड्याचा वाजंत्री, काम झालं की कोणी ओळख दाखवत नाही. पुरे झालं.

संशोधनाचा विषय पक्का: मालवणचा बांगडा वेंगुर्ल्याच्या बांगड्यापेक्षा श्रेष्ठ आहे, हे जनुकांच्या पातळीवर सिद्ध करणे. चवीच्या पातळीवर ते सिद्ध झालेलंच आहे, फक्त वेंगुर्लेकर मानत नाहीत.

पद्धत सोपी. दोन्हीकडच्या बांगड्यांच्या स्नायूचा तुकडा लॅबला पाठवायचा. कुठली जनुकं जास्त चालू आहेत ते लॅब कळवते. मग ती यादी एका वेबसाइटवर टाकायची. यादीत अमुक एका कामाची जनुकं योगायोगाने यावीत त्यापेक्षा जास्त आलीत का, ते वेबसाइट सांगते. याला एनरिचमेंट म्हणतात.

प्राचार्यांना समजावलं. समजलं नाही. एक सोपं उदाहरण तयार होतं, पण दिलं नाही: आपल्या स्टाफची यादी घ्या. निम्मे कुडाळ तालुक्यातले. जिल्ह्यात निम्मी माणसं कुडाळची आहेत का? नाहीत. म्हणजे स्टाफमध्ये कुडाळ एनरिच झालंय, आणि असलं काही योगायोगाने होत नसतं. प्राचार्य स्वतः कुडाळचे.

११ नोव्हेंबर
वर्षालीच्या बँकेत बदल्यांचं वारं. यंदा तिला बेलापूर. मालवणातच मुदतवाढ मागता येते, पण नवऱ्याची कायम नोकरी इथे असेल तर. हे सगळं तिने वालीच्या शेंगा मोडता मोडता सांगितलं आणि विचारलं, "बदली झाली तर तू येतलंस?"

मी तिला नीट समजावलं. बेलापूरला समुद्र नाही, खाडी आहे. मी तिथे काय करायचं? बायकोचा डबा भरून खिडकीत उभं राहायचं? एप्रिलमध्ये माझी निवड होणारच, तेव्हा हा प्रश्नच गैरलागू. पाऊण तास बोललो. ती "बरां" म्हणाली. पटलं तिला.

१७ नोव्हेंबर, सकाळी
जेटीवर जाऊन मालवणचे बांगडे स्वतः घेतले. नर्मदाबाई कोयता उचलून म्हणाली, "कापून देव मां?" मी म्हटलं, नको, स्नायू दुखावेल. तिने शेजारच्या बाईकडे पाहिलं. शेजारच्या बाईने तिच्याकडे पाहिलं. या किनाऱ्याला विज्ञानाचं वावडं आहे.

तुकडे काढून ते टिकवणाऱ्या औषधाच्या नळ्यांत भरले. मालवण तयार.

१८ नोव्हेंबर
वेंगुर्ल्याचे बांगडे सासऱ्यांकडून, म्हणजे दाजींकडून मागवले होते. दाजी स्वतःच एसटीने घेऊन आले, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. बांगडे मोठे, डोळे लखलखीत. निवडून आणलेत हे उघड आहे. सासरे म्हणून बोललो नाही.

चहा पिताना मला म्हणाले, "जावयबापू, बांगड्याक काय ठावक, आपण मालवणचो की वेंगुर्ल्याचो? आज हंय, उद्या थंय." आयुष्यभर पोस्टात काढलेला माणूस! पत्त्याला काही किंमत असते हे यांना तरी कळायला हवं होतं.

कॉलेजचा फ्रिज बंद आहे, दुरुस्तीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर. म्हणून बांगडे घरच्या फ्रिजमध्ये. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'कंट्रोल' लिहिलं, म्हणजे तुलनेसाठी राखून ठेवलेले. तुकडे उद्या काढीन. आज पाठ दुखते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
घरी आलो तर कंट्रोल पातेल्यात.

आईचं म्हणणं, परवा मार्गशीर्ष लागतो, उद्या अमावस्या, तेव्हा आज फ्रिज रिकामा व्हायलाच हवा. "फ्रिजात मासळी ठेवून मी लक्ष्मीची पूजा करूचंय नाय." सगळा फ्रिज धुऊन पुसून लख्ख. डब्यावरची अक्षरं तिने वाचली होती. "कंट्रोल म्हणजे रेशनचा मां रे?" एवढंच विचारलं.

मी कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. मग जेवायला बसलो. तिरफळं घातलेलं बांगड्याचं झणझणीत तिखलं. किती तुकडे खाल्ले त्याची नोंद करत नाही. चव, दुर्दैवाने, उत्तम. पण ते श्रेय आईच्या हाताचं, वेंगुर्ल्याचा त्यात काही संबंध नाही. दाजी समोर बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. वर्षाली हसत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. कौतुकाने असावं.

२२ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. लॅबची बॅच सोमवारी निघते, त्यानंतरची थेट नव्या वर्षात. वेंगुर्ल्याचे बांगडे पुन्हा आणायचे तर ठेवायचे कुठे? घरात महिनाभर मासळी बंद. कॉलेजचा फ्रिज सहीसाठी थांबलेला.

शिवाय, तुलना हवीच कशाला? तुलना कोण करतो? ज्याचा स्वतःवर विश्वास नाही तो. सुधारित पद्धत: मालवणच्या बांगड्यात सगळ्यांत जास्त चालू असलेली जनुकं घ्यायची, आणि बांगड्याच्या एकूण सर्व जनुकांच्या तुलनेत ती पारखायची. वेंगुर्ला विषयातून आपोआप गेलं. शीर्षक तेच ठेवता येईल.

पार्सल तयार केलं. मन हलकं झालं.

९ डिसेंबर
रोज एक पान हा नियम शाळकरी होता. रद्द.

डिपार्टमेंटमधल्या संचितानेही कायम जागेसाठी अर्ज केलाय. पीएच.डी. झालेली, नेट पास, आणि पिंगुळीची, म्हणजे कुडाळच. विषय काय, तर खडकाला चिकटलेले शिनाणे, म्हणजे शिंपले. जो प्राणी जागचा हलत नाही त्याच्यावर संशोधन करायला कितीसं डोकं लागतं? मी बांगड्याच्या मागे आहे.

आज तिने विचारलं, तुलनेला काय घेतलंत? मी म्हटलं, मालवणला तुलना नाही. ती वह्या उचलून तासाला गेली. निरुत्तर.

६ जानेवारी
लॅबची फाइल आली. लॅपटॉप तिला बघूनच झोपला. हा लॅपटॉप दाजींनी लग्नात दिलेला, त्यामुळे आश्चर्य नाही.

शेवटी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली. यादीत मधेमधे तारखा. एक मार्च, दोन सप्टेंबर वगैरे. लॅबवाल्यांचा गलथानपणा. सगळ्या काढून टाकल्या. संचिता मागे उभी होती. तिचं म्हणणं, ती जनुकांचीच नावं आहेत, एक्सेल आपल्या मनाने त्यांच्या तारखा करतं. हिला काहीही वाटतं.

११ फेब्रुवारी, दुपारी
निकाल!!

यादी वेबसाइटवर टाकली, बटण दाबलं, चहा पिऊन आलो. सगळ्यांत वर: स्नायूंचं आकुंचन. त्याखाली स्नायूंची बांधणी. त्याखाली स्नायूंचा ऊर्जापुरवठा. हे योगायोगाने घडण्याची शक्यता इतकी लहान की दशांश चिन्हापुढची शून्यं बघताना डोळे दुखले. अंगावर काटा आला. मालवणच्या बांगड्याची ताकद हा योगायोग नाही!

वर्षालीला बँकेत फोन केला. तिच्यासमोर गिऱ्हाईक होतं. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे बांगडो पाण्यात पेवता, असाच मां?" एवढ्या शोधातून हिला कळलं काय, तर बांगडा पोहतो. मी फोन ठेवला. बँकेत बसून माणसाची कल्पनाशक्ती मरते.

१५ फेब्रुवारी
स्थानिक पेपरात बातमी. 'मालवणच्या बांगड्यात बाहुबल: स्थानिक प्राध्यापकाचा शोध'. बातमी मीच लिहून दिली होती, त्यामुळे एकही चूक नाही. 'स्थानिक' हा शब्द तेवढा त्यांनी घातला. तो खटकला.

नर्मदाबाईने आज मलाच भाव चढवून सांगितला. का, विचारलं, तर म्हणे, "पेपरात तुमीच सांगलास मां, आमचो बांगडो श्रेष्ठ म्हणान." समाजाला संशोधन पोचतं ते असं. बोंबील घेऊन घरी आलो.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन
कॉलेजमध्ये माझं भाषण. हॉल भरलेला, कारण नंतर वडापाव होते. उत्तम झालं. फक्त शेवटी संचिता उठली. तिने म्हणे कोंबडीच्या स्नायूंची यादी त्याच वेबसाइटवर टाकली होती. वरच्या तिन्ही ओळी त्याच आल्या, त्याच क्रमाने. मी म्हटलं, "कोंबडीचं अभिनंदन." हशा. हशा माझ्या बाजूने होता.

पण प्राचार्यांना नको तिथे कुतूहल. त्यांनी तिला समजावून सांगायला लावलं. ती म्हणाली, स्नायूचा तुकडा घेतला की त्यात स्नायूंच्या कामाचीच जनुकं जास्त चालू दिसणार. डोळ्याची, यकृताची जनुकं स्नायूत चालूच नसतात, ती मोजणीत धरली की स्नायूंचं काम आपोआप मोठं दिसतं. तुलना स्नायूची स्नायूशी हवी. मालवणचा स्नायू, वेंगुर्ल्याचा स्नायू.

हेच इंग्रजीत बोलली असती तर कोणाला कळलं नसतं. मराठीत ते फारच पटण्यासारखं वाटत होतं. अशाने विषयाची प्रतिष्ठा जाते.

निर्णय: वेंगुर्ल्याचे बांगडे आणून पुन्हा सगळं करणे. चूक सुधारायची म्हणून नव्हे, तिचं तोंड बंद करायला. मार्चअखेरपर्यंत.

१४ मार्च
शिमगा. गावात कोणी कामाला हात लावत नाही. मी एकट्यानेच काय म्हणून लावायचा?

२३ मार्च
परीक्षा सुरू. सुपरव्हिजन. उकाडा. या हवेत बांगडा वेंगुर्ल्याहून मालवणपर्यंत टिकत नाही, हाही एका अर्थी निष्कर्षच.

२७ मार्च
वर्षालीने दारातच गाठलं. मुदतवाढीचा अर्ज या महिन्यातच द्यायचा आहे. "तुजा नक्की काय ता सांग." मी म्हटलं, मुलाखत ही औपचारिकता आहे, नवऱ्याला कायम नोकरी आहे असं खुशाल लिही. ती म्हणाली, "नसलेली नोकरी कागदार लिवक माका जमाचा नाय. खराखुरा सांग निकेत, होतला काय नाय?"

मी दुखावलो. नऊ वर्षं ही मालवणात नांदतेय आणि नवऱ्यावर विश्वास नाही. मी म्हटलं, तुला वाटेल ते कर. तिने काय केलं ते विचारलं नाही. बँकेच्या कामात मी ढवळाढवळ करत नाही.

१६ एप्रिल
मुलाखत. नवा शर्ट. पॅनेलवर मुंबईच्या एक बाई तज्ज्ञ म्हणून आलेल्या. मासे खायला आल्या असाव्यात.

त्यांनी विचारलं, तुम्ही स्नायू घेतलात आणि स्नायूंचं काम वर आलं. यकृत घेतलं असतं तर काय वर आलं असतं? मी म्हटलं, अर्थातच यकृताचं काम. त्या म्हणाल्या, आणि डोळा? मी म्हटलं, दृष्टी. दोन्ही उत्तरं बरोबर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. प्रभावित झाल्यावर काही लोक असं करतात.

मग विचारलं, मालवणचा बांगडा श्रेष्ठ, पण कोणापेक्षा? मी म्हटलं, मॅडम, हा प्रश्न मालवणात विचारायचा नसतो. एकाने घड्याळात पाहिलं. पॅनेलवर पकड बसली होती.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कसा झाला रे?" मी म्हटलं, झाल्यात जमा. तिने देवापुढे साखर ठेवली. वर्षालीने पंखा वाढवला आणि पाणी आणून दिलं. विचारलं काहीच नाही. विश्वास बसला असावा.

२४ एप्रिल
संचिताची निवड. प्रतीक्षा यादीत दोघं, तेही कुडाळचेच.

अपेक्षित होतं. लेखी तक्रार केली, शास्त्रीय पायावर. जिल्ह्यात कुडाळची माणसं किती, आणि निवडलेल्या नावांत किती, याचं गणित मांडलं. हे योगायोगाने घडण्याची शक्यता नगण्य आहे हे सप्रमाण दाखवलं. या तक्रारीला उत्तर देणं प्राचार्यांच्या बापाला जमणार नाही.

२९ एप्रिल
प्राचार्यांनी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "सर, अर्ज केलेल्यांची नावं बघितलीत का तुम्ही? तुम्ही सोडून सगळे कुडाळचेच होते. मग निवड दुसऱ्या कोणाची होणार?"

अर्ज कोणाकोणाचे आले ते मी बघितलं नव्हतं. सबंध जिल्हा धरला होता. ही चूक नव्हे. मी व्याप्ती मोठी ठेवली होती. परत येताना जिन्यावर क्षणभर थांबलो. संचिता कोंबडीबद्दल बोलली होती तेही असंच काहीतरी होतं असं वाटलं. मग घंटा झाली.

संचिता समोरून आली. म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी आपण दोन्ही बांगडे घेऊन परत करूया का? मी मदत करतंय." दयाबुद्धी! मी म्हटलं, बघू, मला वेळ असला तर.

२ मे
वर्षालीची बदलीची ऑर्डर. बेलापूर. मी म्हटलं, मुदतवाढीचं काय? ती म्हणाली, "मागूकच नाय मी. मार्चातच कळवलंय, येतंय म्हणान."

मार्चात. म्हणजे मुलाखतीच्या आधी.

मी पेपर उघडला. निर्णय मात्र पक्का: बेलापूरला जाणार नाही. फारच आग्रह झाला तर अटींवर. अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी. डबा भरणार नाही. तिने किमान दोनदा विचारायला हवं, आणि आईसमोर.

५ मे
तिने अजून विषय काढलेला नाही. धीर होत नसेल. मी दिवसभर घरातच थांबतो, तिला विचारायला सोपं जावं म्हणून. आज ती कपाट आवरत होती तेव्हा मुद्दाम पलंगावर पेपर घेऊन बसलो. ती म्हणाली, "पाय वर घे, खाली झाडायचा आसा." पाय वर घेतले.

८ मे
स्वतंत्र खोलीची अट मागे घेतली. मुंबईकडे जागा लहान असतात, माणसाने समजून घ्यावं.

१० मे
डब्याचंही तसं काही नाही. सकाळी आपल्यासाठी करायचंच असतं, त्यातलंच तिला द्यायचं. दोनदा विचारण्याऐवजी एकदा चालेल. आई नसली तरी चालेल.

वर्षालीने एक मोठी बॅग भरली. माझे कपडे कपाटात आहेत तिथेच आहेत. इस्त्री करून ठेवलेत.

१२ मे
कुडाळ स्टेशन. दाजी वेंगुर्ल्याहून परस्पर आले होते. बॅग मी उचलली, जड होती. गाडी वेळेवर, कोकण रेल्वेला आजच शिस्त सुचायची होती.

डब्याच्या दारात ती वळली. "निकेत," म्हणाली. मी पुढे झालो. शर्ट तोच घातला होता, नवा.

"आयेच्या गोळये संपत इले. सोमवारी हाड."

आणतो म्हटलं. गाडी सुटली. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा घेऊया म्हणाले. यावर मला काहीही लिहिता आलं असतं. सुचलं नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तू कधी जातलंस रे?" म्हटलं, ठरायचं आहे. जूनपासून तास मिळतील का ते अजून कॉलेजने कळवलेलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, मग आणखी एकदा प्यायलो.

फार वाईट वाटतंय. तिने विचारलं असतं तर पहिल्या वेळीच हो म्हटलं असतं.